न लागलेली ओळ

मी एकवीस वर्षांची होते तेव्हा आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडच्या एका गावठाणात राहत होतो. घर आमचं नव्हतं. तिथल्या जुन्या ख्रिश्चन कुटुंबाने आपल्या घरामागे चार खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या, त्यातली एक आमची. मालकीणबाईंना आम्ही आंटी म्हणायचो. त्यांची भातशेती एमआयडीसीत गेली होती. उरलेल्या तुकड्यात त्या माठ आणि मुळा लावायच्या. आम्ही मालवणकडचे. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागले होते.

मी बी.कॉम. होऊन शॉर्टहँड शिकले होते. मिनिटाला शंभर शब्दांच्या स्पीडचं सर्टिफिकेट हातात होतं. एमआयडीसीतल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीतून स्टेनोच्या जागेसाठी इंटरव्ह्यूचं पत्र आलं, तेव्हा घरात सगळ्यांनी ते एकदा तरी हातात घेऊन पाहिलं. कंपनी चालत वीस मिनिटांवर होती. चालत जाता येईल अशी नोकरी, हे आईने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

इंटरव्ह्यूला आम्ही तिघी होतो. माझ्या शेजारी बसलेली मुलगी मुलुंडहून आली होती. तिने तीन पेन्सिली दोन्ही बाजूंनी टोक काढून आणल्या होत्या. आम्ही थोडं बोललो. तिचा हा सहावा इंटरव्ह्यू होता, माझा पहिला. शिपाई नाव पुकारायचा तसं एकेकीने आत जायचं.

आत दोन साहेब होते. एकाने घरचं, कॉलेजचं विचारलं. ते ठीक झालं. दुसऱ्याने पाच मिनिटं डिक्टेशन दिलं. कुणा पार्टीने पंपांचा माल उचलायला उशीर केला होता, त्याबद्दलचं इंग्रजी पत्र. मी सगळं उतरवून घेतलं. निदान मला तसं वाटलं. मग बाजूच्या टेबलावर टाइपरायटरपुढे बसवून त्यांनी ते टाइप करायला सांगितलं.

पत्राच्या मधोमध एक ओळ मला लागेना. खुणा माझ्याच हातच्या होत्या, पण त्या काय म्हणत होत्या ते कळेना. मी वही तिरकी धरून पाहिली. पुढची ओळ वाचून मागे आले. वेळ जात होता. शेवटी पत्राचा एकूण रोख पाहून मी माझ्या मनाने एक वाक्य घातलं : माल उचलायला आम्ही आपल्याला आणखी पंधरा दिवस देत आहोत. इंग्रजी चांगलं होतं. टायपिंगमध्ये एकही चूक नव्हती.

डिक्टेशन देणाऱ्या साहेबांनी पत्र वाचलं आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे मी कधी म्हटलं?"

मी म्हटलं, "सर, ती ओळ मला लागली नाही."

"मग जागा मोकळी का नाही सोडलीत? मी म्हटलं होतं की यापुढे एकही दिवस मिळणार नाही."

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असावं. घरचं विचारणारे साहेब खाली बघत होते. मग त्यांनीच समोरची फाइल मिटली आणि कळवू म्हणाले.

घरी येईपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं. आई दारातच उभी होती. कशी झाली, तिने विचारलं. मी म्हटलं, बरी झाली. पाणी पिऊन झाल्यावर तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं की साहेबांनी टायपिंग चांगलं आहे असं सांगितलं. ते कुणीच म्हटलं नव्हतं. संध्याकाळी बाबा आले, तोपर्यंत आईच्या तोंडी त्याचं 'साहेब खूश होते' असं झालं होतं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

पुढचे दिवस मला बऱ्यापैकी आठवतात, कारण त्यांत काही घडत नव्हतं. पोस्टमन अकरा ते बाराच्या मध्ये यायचा. त्या वेळेला मी घर सोडत नसे. तो आंटींच्या ओट्यावर सायकल टेकवायचा, तिथून मागच्या चार खोल्यांची पत्रं वाटायचा. तो पुढे निघून गेला की मग दिवसाचं काय करायचं ते मला कळत नसे. शॉर्टहँडच्या क्लासला जाणं मी बंद केलं होतं. घरी सांगितलं, आता काय गरज आहे.

दोष कुणाचा ते मी रोज नव्याने ठरवायची. पहिले दोन दिवस तो साहेबांचा होता, कारण ते तोंडातल्या तोंडात बोलत होते. तिसऱ्या दिवशी तो पंख्याचा होता, कारण पंखा फार आवाज करत होता आणि वहीची पानं उडत होती. मग माझ्या क्लासच्या सरांचा झाला, कारण त्यांनी आम्हाला नेहमी त्याच त्या पुस्तकातली पत्रं घातली. मग बाबांचा, त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं नाही म्हणून. शेवटी इकडे-तिकडे फिरून तो माझ्यापाशी आला की मी कपाट आवरायला घ्यायची. आठवडाभरात ते मी तीन वेळा आवरलं. आईशी मी तुटक बोलायला लागले होते. तिला वाटायचं, मुलीला नोकरीची काळजी लागली आहे, आणि ती मला जास्तच सांभाळून घ्यायची. त्याचा मला आणखी राग यायचा.

या सगळ्यात एक गोष्ट विचित्र होती. नोकरी मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी पोस्टमनची वाट मी खरीखुरी बघत होते. एखादा माणूस एका चुकीकडे दुर्लक्ष करू शकतो, बाकीच्या दोघींचं आणखी वाईट झालं असू शकतं, असं मनाला सांगत होते. नाही म्हणून कुणी कळवलं नव्हतं, तोवर काहीही होऊ शकत होतं, आणि मला ते संपायला नको होतं.

दहाव्या-बाराव्या दिवसाची गोष्ट असेल. मी मोरीत भांडी घासत होते. आंटी आमच्या दाराशी आल्याचा आवाज आला. त्यांनी आईला सांगितलं की चर्चच्या शाळेतली क्लार्क बाळंतपणाच्या रजेवर चालली आहे, तीन महिन्यांसाठी टायपिंग येणारी मुलगी हवी आहे. तुमच्या पोरीला पाठवता का, मी सिस्टरशी बोलते.

आई म्हणाली, "नको हो आंटी. तिचं कंपनीत ठरल्यासारखंच आहे. नुसतं पत्र यायचंय."

आंटी म्हणाल्या, चांगलं झालं, देवाने ऐकलं, आणि गेल्या.

मी हातातलं पातेलं घासत राहिले. बाहेर येऊन तेव्हाच बोलले असते तर आंटी अजून अंगणात होत्या. पण मी बोलले नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टमन रिकामाच गेला, आणि आईने तांदूळ निवडता निवडता सहज म्हटलं की पहिल्या पगाराची साडी आंटींना घेऊया, त्या आपल्यासाठी एवढं बघतात.

मी तिच्यापुढे बसले आणि सांगितलं. ओळ लागली नाही, मी मनाची घातली, साहेबांनी पकडली, ते खूश वगैरे काही नव्हते. आई आधी तांदूळच बघत होती. रागावली की ती मालवणीत बोलायची, तशी बोलली.

"आणि आता ह्या तरी खरा सांगतंस काय?"

मी हो म्हटलं.

तिने सूप बाजूला ठेवलं. नापास झालीस त्याचं मला काही नाही, ती म्हणाली, पण मी लोकांना सांगत सुटले, तेव्हा तू ऐकत होतीस. मग ती म्हणाली, आंटीला तू जाऊन सांग, मी जाणार नाही. आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

आंटी मुळ्याच्या वाफ्याला पाणी घालत होत्या. मी जे काय ते सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले. जागेचं काय झालं त्यांना माहीत नव्हतं. मी तर नको म्हणून कळवलं, त्या म्हणाल्या, आता तूच उद्या जाऊन सिस्टरला विचार. नाही म्हणाली तर नाही म्हणेल, खाणार नाही ती तुला.

संध्याकाळी बाबांना आईने सांगितलं. ते जेवत होते. मग ताटाकडे बघतच ते म्हणाले की साकीनाक्याच्या आधी ते एका वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथे मालकाने लोखंडाचा तुकडा आणि कानस हातात देऊन, याचा चौकोन कर, म्हणून सांगितलं.

"वीस वर्षं तेच केलं होतं. पण मालक समोर उभा राहिला नि कानस वाकडीच जायला लागली. चौकोन काही झाला नाही."

आईला ही गोष्ट माहीत नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग काय केलंत, मी विचारलं. मग साकीनाक्याला गेलो, ते म्हणाले, आणि त्यांनी आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. हेडमिस्ट्रेस सिस्टर वसईकडच्या होत्या, बुटक्या आणि चटकन बोलणाऱ्या. जागा आदल्या दिवशीच भरली होती. त्या मला तसं सांगून मोकळ्या झाल्या आणि मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, तुला तर कंपनीत नोकरी मिळाली होती ना? आंटी म्हणत होती.

मी इंटरव्ह्यूची गोष्ट पुन्हा सांगितली. दोन दिवसांत तिसऱ्यांदा सांगत होते, त्यामुळे ती आता लहान झाली होती. सिस्टरनी ऐकून घेतली. मग टेबलाच्या खणातून हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा काढला. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. नव्या क्लार्कचा टायपिंगचा हात सावकाश होता आणि परीक्षा जवळ आली होती. स्टेन्सिल कापशील का, त्यांनी विचारलं. काम दोन-तीन आठवड्यांचं होतं, पुढचं काही नक्की नव्हतं.

"आणि एक. शिक्षकांचं अक्षर मलासुद्धा लागत नाही. जिथे अडेल तिथे मला येऊन विचार. दहादा विचारलंस तरी चालेल."

स्टेन्सिल कापणं हे किचकट काम होतं. टाइपरायटरची रिबन बाजूला सारायची आणि निळ्या मेणकागदावर टाइपचे नुसते खिळे मारायचे, म्हणजे त्यावर अक्षरांची भोकं पडतात आणि त्यातून शाई जाऊन प्रती निघतात. आपण काय टाइप केलं ते समोर नीट दिसत नाही. चूक झाली तर त्यावर लाल औषध लावून, ते सुकेपर्यंत थांबून, पुन्हा मारायचं. त्याला नेलपॉलिशसारखा वास यायचा. पहिल्या दिवशी मी सिस्टरकडे सात वेळा गेले. चौथ्या वेळी मला लाज वाटली, पाचव्या वेळी कमी वाटली. भूगोलाच्या बाईंचा एक शब्द सिस्टरनाही लागला नाही. मग आम्ही दोघी वर्गात जाऊन बाईंना विचारून आलो. तो 'पठार' होता.

त्या आठवड्यात मी क्लासलाही परत जायला लागले. सरांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. आज उतरवलेलं आजच वाचू नकोस, आठवड्याने वाच, एवढंच त्यांनी सांगितलं. गरम असताना सगळ्यांनाच वाचता येतं. मी तसं करायला लागले. सुरुवातीला आठवड्यापूर्वीचं निम्मं पान मला परकं वाटायचं. हळूहळू ते कमी झालं, पूर्ण गेलं असं मात्र कधी म्हणता आलं नाही.

पोस्टमन येण्याच्या वेळी मी आता शाळेत असायची. त्यामुळे कंपनीचं पत्र आलं ते आईने घेतलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. मी संध्याकाळी फोडलं. दोन ओळींचं होतं. आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं, सबंध.

मग मी खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे साहेबांची आद्याक्षरं, पुढे तिरकी रेघ आणि मग पत्र टाइप करणारीची लहान आद्याक्षरं असतात. ती त्या मुलुंडच्या मुलीच्या नावाशी जुळत होती. मला नकार कळवण्याचं काम कदाचित तिच्या पहिल्या कामांपैकी असेल. मी ते पत्र क्लासमध्ये शिकवतात तसं तपासलं. समास सारखे होते, तारीख जागेवर होती, खाडाखोड नव्हती. वाईट वाटलं, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. पोस्टमनची वाट बघण्याचे ते पंधरा दिवस जास्त वाईट होते. तिला सहा इंटरव्ह्यू लागले, हेही डोक्यात आलं. माझा एकच झाला होता.

पुढे माझे आणखी चार झाले. एका ठिकाणी मी शॉर्टहँडमध्ये चांगली ठरले आणि अंधेरीहून रोज यायला उशीर होईल म्हणून त्यांनी दुसरीला घेतलं. एका ठिकाणी साहेब आलेच नाहीत. एका ठिकाणी दोन शब्द मला लागले नाहीत, तिथे मी जागा मोकळी सोडली आणि त्यांनी मला घेतलं नाही. शाळेतलं स्टेन्सिलचं काम मधूनमधून येत राहिलं, सहामाहीचं, मग पुन्हा वार्षिकचं. आई आता आंटींना काही सांगायच्या आधी मला विचारायला लागली. आंटींना साडी अजून मिळाली नव्हती, पण तो विषय आई आणि मी, दोघीही काढत नसू.

शेवटचा इंटरव्ह्यू घाटकोपरला, रंगाचा धंदा असलेल्या एका ऑफिसात होता. तिथे मी दोन पेन्सिली आणि नवी वही घेऊन गेले होते. म्हातारे शेठ होते. त्यांनी माझं सर्टिफिकेट पाहिलं, परत दिलं, डिक्टेशन दिलंच नाही. जुनी स्टेनो लग्न होऊन बडोद्याला चालली होती आणि टेबलावर उत्तरं न दिलेल्या पत्रांचा ढीग पडला होता. सोमवारपासून येऊ शकाल का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.