सोळाच्या शेजारचे हिरवे अक्षर

माझे वडील उजेड तळहातावर मोजत. घराबाहेर पडले की ते उजवा हात पुढे करीत, तळवा आभाळाकडे, बोटे किंचित मिटलेली, देवळात तीर्थ घ्यावे तशी. बोटांची सावली तळव्यावर धारदार पडते की पुसट, एवढेच ते क्षणभर पाहत आणि भिंगाभोवतीचे कडे अंगठ्याने फिरवत. सोळा, अकरा, आठ, चार. आकडा जितका मोठा तितके आतले भोक बारीक, आणि तितका उजेड कमी. हे आकडे मला मुळाक्षरांच्या आधी पाठ झाले.

समुद्रापारच्या आमच्या बेटावर, सांत्र द फ्लाक गावच्या बाजारामागे आमचे पत्र्याचे घर होते. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा आणि एक वेताची खुर्ची. तिच्यावर आसपासच्या उसाच्या गावांतली सगळी मराठी कुटुंबे कधी ना कधी बसून गेलेली. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथल्या रसायनांचा आंबूस वास आमच्या उशांना, भाताला, आईच्या केसांनाही येई.

मी आठ वर्षांची असल्यापासून वडील मला अंगणात उभे करीत आणि विचारत, "किती?" मी माझा तळवा पुढे करी. "आठ." चुकले की फिल्मच्या अॅल्युमिनियमच्या डबीचे झाकण माझ्या बोटांच्या पेरांवर बसे. आवाज लहान, पण हाडात जाऊन थांबणारा.

"डोळे कशाला दिलेत गो बाय देवाने? बाजारात भाजी निवडायला?"

आई चुलीपासून म्हणे, "पोर आहे ती. मुलगी आहे."

"म्हणून तर हळू मारतो."

खुर्चीवर बसलेले गिऱ्हाईक हसे आणि ते हसू तोंडावर असतानाच वडील फोटो घेत. आमच्याकडचे फोटो हसरे येतात अशी त्यांची ख्याती होती.

सत्तरचे दशक संपत आले तेव्हा लंडनच्या मामाने एक कॅमेरा पाठवला. काळा, जड, नव्या चामड्याच्या वासाचा. सोबतची पुस्तिका इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये होती. वडिलांनी ती माझ्याकडे सरकवली. अक्षर बारीक आहे असे म्हणाले नाहीत, म्हणाले, "साहेबाची भाषा तू शिकलीस, तू वाच."

मी वाचून सांगितले. फोटोला उजेड दोन वाटांनी मिळतो: भोक केवढे, आणि कॅमेऱ्याच्या आतला पडदा किती वेळ उघडा. आजवर दोन्ही तुम्ही ठरवत होतात. या कॅमेऱ्यात पडद्याचा वेग तुम्ही सांगायचा, भोक तो स्वतः ठरवील. त्यासाठी कडे सोळाच्याही पुढे न्यायचे. तिथे एक हिरवे अक्षर आहे, ए. शेजारची खुंटी दाबल्याशिवाय कडे त्या अक्षरावर जात नाही, आणि गेले की टिक असा आवाज होतो. दुसऱ्या जातीचे कॅमेरे याच्या उलट चालतात. त्यांत भोक माणसाने सांगायचे आणि वेळ यंत्राने ठरवायचा. दोन्ही स्वतःच ठरवणारा कॅमेराही लवकरच निघेल, असे मामाने पत्रात लिहिले होते.

"अर्धं तो, अर्धं मी," वडील म्हणाले. "मग फोटो कुणाचा म्हणायचा?"

पहिल्या रोलमध्ये पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या साडीतली एक म्हातारी होती. ती राखेत लोळून आल्यासारखी आली. पुस्तिकेत त्याचे कारण होते: यंत्राला सगळे जग मधल्या करड्या रंगाचे वाटते. समोर फार पांढरे दिसले की तो घाबरून भोक आवळतो, फार काळे दिसले की सताड उघडतो. अशा वेळी माणसाने त्याला दुरुस्त करायचे असते. शत्रूचा मुलगा नापास व्हावा तसे वडील खूष झाले. "याला पांढरं ठाऊकच नाही. हा कसला लग्नं काढतोय!"

तरीही तो कॅमेरा ते गळ्यातून उतरवेनात. का, ते मला काही महिन्यांनी कळले. उन्हात ते पूर्वीसारखाच तळवा पुढे करीत आणि कडे हाताने फिरवत. सावलीत आले की मात्र मुकाट्याने हिरव्या अक्षरावर जात. सावलीत त्यांना स्वतःच्या बोटांची सावली दिसेनाशी झाली होती. चहा ओतताना ते कपाच्या कडेवर बोट ठेवत आणि बोटाला चटका बसला की थांबत. अंगणात ते अजून "किती?" विचारत, पण मी चुकीचे सांगितले तरी झाकण पडत नसे. आईला माहीत होते की नाही, कोण जाणे. आम्ही तिघे त्याविषयी एक अक्षर बोललो नाही. गावाला कळले असते तर आमची वेताची खुर्ची रिकामी पडली असती.

बों अक्योय गावी आईच्या मैत्रिणीकडे लग्न होते. मी तिला मावशी म्हणत असे. एकुलती मुलगी, नवरा मुलगा फ्रान्सला कारखान्यात. लग्नानंतर चौथ्या दिवशी दोघांचे विमान. मावशी आदल्या आठवड्यात येऊन वडिलांचे हात धरून म्हणाली होती, "भाऊ, ही आता कधी दिसेल देव जाणे. जे काय उरेल ते तुमच्या फोटोत उरेल. नीट काढा."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. लग्नाच्या सकाळी मांडवाबाहेर बायका फुलांच्या माळा ओवत बसल्या होत्या. आमच्याकडे या मांडवाला साल व्हेर्त म्हणतात, हिरवे दालन: बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, चहूबाजूंनी माडाच्या झावळ्या. आत गेले की विहिरीत उतरल्यासारखा हिरवा काळोख. मी वडिलांना हळूच म्हटले, "आतले फोटो मी काढते, बाबा. एक रोल द्या मला."

मी हळू बोलले होते. ते बोलले ते मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"ऐकलंत? कॅमेरा आपोआप चालतो म्हटल्यावर माकडालाही फोटो काढावासा वाटतो."

बायका हसल्या. नवरीचा काका ओरडला, "आयो, भाऊ, मग केळं तरी द्या तिला!" आणि कुणीतरी खरोखरच घडातले केळे तोडून माझ्या तळव्यावर ठेवले. त्याच तळव्यावर, जो मी आठव्या वर्षापासून आभाळाला दाखवत आले होते. सगळे बघत होते, म्हणून मी ते सोलले आणि खाल्ले. अर्धे कच्चे होते. जिभेवर तुरटपणाची साय बसली.

दुपारी नवऱ्या मुलाची वरात आली. पाऊस पडून गेलेला, उसाची पाती सुऱ्यांसारखी चमकत होती. वडिलांनी तळवा पुढे केला, कडे हिरव्या अक्षरावरून काढले आणि अकरावर आणले. बरोबर होते. रोलमधले उरलेले नऊ फोटो घेतले, नवा रोल भरला आणि आम्ही मांडवात शिरलो. तिथे त्यांनी अंगठ्याने कडे परत फिरवले. अकरा, सोळा. तिथे कडे अडले. खुंटी त्यांनी दाबलीच नव्हती. अडले, म्हणजे पोचले, असे त्यांना वाटले.

मी हातभर अंतरावर पिशवी घेऊन उभी होते. ढोलकी वाजत होती, लहान मुले रडत होती, भटजींनी घसा खाकरला होता. त्या सगळ्यात एक आवाज झाला नाही. टिक झाली नाही.

बाहेरचे भर ऊनही पुरेल न पुरेल एवढे बारीक भोक, आणि आत हिरवा काळोख. कॅमेऱ्यात पाहिले की कोपऱ्यात एक तांबडा ठिपका लुकलुकून सांगतो, आता मी काही ठरवत नाही, सगळे तुझ्यावर आहे. वडिलांना तो दिसत नव्हता. त्यांनी अंतरपाटाचा फोटो घेतला. मी मनात म्हटले, तीन फोटो जाऊ देत, मग सांगेन. केळ्याचा तुरटपणा अजून टाळूला होता. तीन झाले. मी ओठ उघडले, एवढ्यात त्यांचे कोपर माझ्या बरगडीत बसले.

"हल! तो दां मो लालिम्येर." तू माझ्या उजेडात उभी आहेस, असे ते क्रेओलमध्ये म्हणाले. रागावले की त्यांची मराठी संपत असे.

मी हलले. उजेडातून बाजूला झाले आणि तोंड मिटून घेतले. अक्षता, मंगळसूत्र, होम, सप्तपदी. मी एकेक मोजत होते. शेवटी मुलगी मावशीच्या गळ्यात पडली आणि दोघींच्या कपाळांची कुंकवे एकमेकींना पुसली गेली. हा छत्तिसावा. वडील घामाने भिजले होते आणि प्रसन्न होते. "हा फोटो बघ तू," ते मला म्हणाले, त्या दिवसात पहिल्यांदाच मवाळपणे. "जन्मभर बघतील लोक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही रोल धुतले. त्या कामाला डोळे लागत नाहीत, बोटे लागतात. ओल्या पट्ट्या त्यांनी पुढच्या खोलीत उजेडासमोर धरल्या. "कसं आलंय?"

"वरात चांगली आली आहे."

"आणि आतलं?"

धुतलेल्या पट्टीवर उजेड काळा उमटतो; दुसरी पट्टी काचेसारखी स्वच्छ होती. तिच्यातून समोरच्या अंगणातले वाळत घातलेले कपडे दिसत होते. मधल्या काही चौकोनांत होमाच्या ज्वाळा तेवढ्या उमटल्या होत्या, मुंगीएवढ्या काळ्या जिभा. मी तसेच सांगितले. एक शब्दही मऊ केला नाही. ते पट्टीवरून बोट फिरवत राहिले, जणू चेहरे बोटाला लागतील.

मावशी विमान गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी आली. विमानतळावरचीच साडी अंगावर होती. वडिलांनी पुसट आकृतीही उठून दिसावी अशा अगदी कडक कागदावर छापून काढता येईल ते काढले होते: काळा चौकोन आणि त्यात विस्तवाचा ठिपका. असे सहा. मावशीने ते पत्त्यांसारखे एकामागून एक पाहिले. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

"भाऊ," ती म्हणाली, "विस्तव तेवढा आलाय. विस्तव तर मी रोज चुलीत बघते."

मग तिने वडिलांच्या तोंडापुढे दोन बोटे धरली. "किती?"

वडिलांनी डोळे बारीक केले. मी तिच्या मागेच उभी होते. दोनदा खोकून खूण करू शकले असते. केली नाही.

पुढच्या रविवारी बाजारात आईला विचारले गेले, आंधळ्याला ताटातलं मीठ तरी सापडतं ना? महिन्याभरात दोन लग्ने दुसऱ्या फोटोवाल्याकडे गेली. तिसरे आमच्याकडे आले ते मावशीच्याच शिफारशीने: बापाला नको, मुलीला बोलवा. कॅमेरा माझ्या गळ्यात आला. त्याचा पट्टा वडिलांच्या घामाने कडक झालेला होता आणि मानेला काचत असे.

त्या संध्याकाळी वडिलांनी विचारले, "कडं बसलं नव्हतं ना?"

"नाही."

"टिक?"

"झाली नाही."

"तू ऐकत होतीस," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता. मग त्यांनी आईला चहा मागितला.

यानंतर काही वर्षांत मी नवा कॅमेरा घेतला, मामाने लिहिले होते तसा, भोक आणि वेळ दोन्ही स्वतः ठरवणारा. मी त्याला फक्त दुरुस्त करी: ख्रिस्ती वधू पांढऱ्यात असेल तर थोडा जास्त उजेड दे, मागे उघडे आभाळ असेल तर आणखी थोडा. लोक म्हणत, हिच्याकडे फोटो चांगले येतात, पण हसरे नाही येत.

वडील पूर्ण अंध होऊन पायरीवर बसू लागले होते. मी लग्नाला निघाले की ते तळवा पुढे करीत आणि विचारत, "किती?" मी आकडा टाकून जाई. एका सकाळी बस चुकेल म्हणून वर न पाहताच म्हटले, "अकरा."

त्यांनी तळवा किंचित हलवला. "ऊन गेलं माझ्या हातावरचं. चारच्या वर नाही. इकडे ये."

मी वाकले. त्यांनी माझा हात चाचपडत धरला, बोटे मिटवली आणि सदऱ्याच्या खिशातून फिल्मच्या डबीचे ते जुने झाकण काढले. ते खिशात असते हे मला ठाऊक नव्हते. ते पेरांवर बसले, अगदी पूर्वीच्याच हाडावर, पूर्वीपेक्षा कितीतरी जोराने.

"हे आजचं नाही," ते म्हणाले.

आणि माझा हात न सोडता त्यांनी झाकण पुन्हा उचलले.