माझ्या वाटणीचं चिबड

आमच्या गावात बहिणीने वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागायचा नसतो. हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने साडी नेसवायची, फोटो काढायचा आणि घरी जायचं. गाव आता पुणे महापालिकेत आलं आहे, कोपऱ्यावर पिझ्झा मिळतो, पण ही सही अजून तशीच चालते. मी सही केली नाही. त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "करून टाक बाई. जमीन काय, आज हाय उद्या नाय. माहेर राहतंय."

मी म्हटलं, जमिनीचं एवढंच असेल तर भावालाच सांग ना सोडायला.

त्यानंतर त्या घरातून मला भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. हिस्सा मात्र मिळाला, आणि तो कसा दिला ते सांगते, कारण त्यात माझ्या धाकट्या भावाची सगळी हुशारी आहे.

रस्त्यापासून नदीपर्यंत आमची जमीन. नदीकाठ सगळ्यात खोल असेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं, पण आमचा काठ उंच आहे. पुरात नदी बाहेर पडली की जड वाळू काठावरच टाकते आणि बारीक गाळ घेऊन पुढे येते. त्यामुळे काठाच्या मागे जमीन परातीसारखी खोलगट, आणि त्या परातीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ. भावाने रस्त्याकडची बाजू घेतली. नदीकाठही घेतला. मला म्हणाला, "ताई, तुला मधला तुकडा. पाणी जवळ हाय."

पाणी जवळ होतंच. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत.

असल्या जमिनीला चिबड म्हणतात. पाणी मुरायला आणि निघायला वेळ लावणारी. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे आधी वाटलं, आपल्याला माती कळते. काही कळत नव्हती. दर रविवारी कात्रजच्या घरून स्कूटर काढून जात राहिले तेव्हा कुठे ओळख झाली. वाळलेली चिमूट बोटांत चोळली तर शिंगाड्याच्या पिठासारखी मऊ लागते. ओली झाली की साबणासारखी निसटते. काळ्या मातीसारखी चपलेला लगदा होऊन चिकटत नाही. ओला गोळा तळहातावर घेऊन हात हलवला तर वर पाणी सुटतं आणि गोळा चकाकायला लागतो. बोटाने दाबला की पाणी परत आत. वरचा थर भुरकट. गुडघाभर खणलं की माती करडी होते, आणि त्या करड्या रंगात गंजासारखे तांबूस ठिपके दिसतात. पाणी कुठपर्यंत चढतं आणि किती दिवस मुक्काम ठोकतं, ते त्या ठिपक्यांवरून समजतं. जोराचा पाऊस होऊन ऊन पडलं की वर पापडासारखी खपली धरते आणि बिचारा कोंब खालीच गुदमरतो. आणि सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे वरून ठणठणीत वाळलेली दिसते तेव्हाही ती पोटात ओलीच असते.

माझा नवरा पक्का पुणेकर. पहिल्या पावसाळ्यात शेत बघून म्हणाला, "यंदा मासे सोडावेत म्हणतो. पुढच्या वर्षी बोटिंग."

पण ती जमीन वाईट आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मार्गशीर्षात गावातल्या सगळ्या मोटारी पाणी उपसत असतात तेव्हा माझ्या गव्हाला एखाद-दुसऱ्या पाण्यावर भागतं. गाळाने धरून ठेवलेली ओल मुळांना वर चढून मिळते. दाणा असा भरतो की रस्त्याकडच्या मुरमाड जमिनीत कधी भरला नाही. त्या जमिनीला फक्त घाई चालत नाही. ओली असताना तिच्यावर पाय जरी दिला तरी ती दाबून बसते आणि वर्षभर त्याचा राग धरते. या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

म्हणून वाफसा बघायचा. वाफसा म्हणजे माती ना ओली ना कोरडी, नांगर घालण्याजोगी होणं. वडील आम्हा दोघा भावंडांना लहानपणी शेतात उभं करून दाखवायचे. वीतभर खालची माती काढायची, मुठीत दाबून गोळा करायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा आला. चपटा बसला तर मुकाट्याने घरी जायचं. मधल्या तुकड्याला वाफसा सगळ्या गावाच्या नंतर येतो आणि चार दिवसांत जातो. वडील तिथे रोज गोळे टाकत बसायचे आणि लोक हसायचे. माझा भाऊही त्यांच्या शेजारी बसून गोळे टाकायचा. म्हणजे त्याला हे सगळं माहीत होतं. हे ध्यानात ठेवा, कारण माझा राग तिथेच आहे. ज्याला माहीत नव्हतं त्याच्यावर मी कशाला चिडू?

हे पाणी काढायला वडिलांनी एक चर खणला होता. मधल्या खोलगटातून निघून उंच काठ कापत नदीला मिळणारा, माणूस उतरला तर छातीपर्यंत येईल एवढा. दर वैशाखात घरातली सगळी माणसं त्यात उतरून गाळ उपसायची. वाटणीच्या वेळी पंचांसमोर ठरलं होतं की चर कुणी बुजवायचा नाही. भावाने मान हलवली होती.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी गेले तर चर नव्हता. काठावर डंपर उभे. शहरात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, फुटक्या फरशा, कुणाच्या तरी संडासाच्या टाइल्स, सगळं चरात ओतून वर लाल माती पसरलेली. भाऊ तिथेच उभा होता, गॉगल लावून.

"लॉन्स काढतोय," म्हणाला. "लग्नाचं. नदी दिसती मागं, फोटो बेस येत्यात."

"आणि चर?"

"हाय की. खालनं पाईप टाकलाय."

पाईप माझ्या दंडाएवढा. पहिल्याच मोठ्या पावसात माझ्याच शेतातला गाळ त्यात जाऊन बसला आणि पाईप शेवयाच्या साच्यासारखा तुंबला. पिठासारख्या मातीत नुसता पाईप टाकला तर तो तुंबणारच. भोवती खडी-वाळू घालावी लागते, तोंड साफ ठेवावं लागतं. त्यातच खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदी चढली, आणि माझं शेत दिवाळीपर्यंत पाण्याखाली राहिलं. मी फोन केला की तो म्हणायचा, "ताई, कशाला जीव जाळती? देऊन टाक मला. पार्किंगला बरी हाय."

आता कळलं ना, चर का बुजवला? मलाही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, मेले तरी देणार नाही. दिवाळीनंतर वरच्या अर्ध्या भागाला वाफसा आला. मी गोळा टाकून बघितला, फुटला, आणि तेवढ्या भागात गहू पेरला.

मग एका संध्याकाळी भाऊ आणि वहिनी अक्षता घेऊन कात्रजला दारात उभे राहिले. माझ्या भाचीचं लग्न. इतक्या वर्षांत तो माझ्या घरी आला नव्हता. "आत्याशिवाय लग्न लागतंय व्हय?" म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी रडले. पोह्यांवर जरा जास्तच खोबरं घातलं. लग्नासाठी नवी पैठणी घेतली आणि भाचीला सोन्याचे कानातले केले.

लग्न दुपारचं होतं. लॉन्सच्या कमानीतून आत शिरले, सनई वाजत होती, गुलाबपाणी शिंपडलं, कुणीतरी हातात पेढा दिला. आणि स्टेजकडे जाता जाता माझी नजर मागे, माझ्या शेताकडे गेली. माझा बांध फोडला होता. माझ्या वीतभर झालेल्या गव्हात रांगेने मोटारी उभ्या होत्या. पांढऱ्या, काळ्या, चकचकीत. शिट्टी वाजवणारा एक माणूस अजून आत घालत होता, "येऊ द्या, येऊ द्या!"

हातातला पेढा तसाच राहिला. आत्या कशाला हवी होती ते मला त्या क्षणी कळलं. आत्या मांडवात असली की बांधावर उभी राहून बोंबलणार नाही. पैठणी नेसलेली बाई भाचीच्या लग्नात तमाशा करणार नाही, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळवालीलाच नागपंचमीचं आमंत्रण!

मी भावाला गाठलं. आवाज चढवला नाही, पण दात आवळलेले होते. "गाड्या काढ."

"ताई, आता? मुहूर्त बघ की. गहू काय, परत फुटंल."

"अरे, आत ओली आहे. गाड्या रुततील."

त्याने बुटाची टाच खपलीवर आपटली. खण्ण आवाज आला. "बघ. वाळलीय ठणठणीत."

वडिलांच्या शेजारी बसून गोळे टाकणारा पोरगा हाच. मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्या. भाची बोहल्यावरून माझ्याकडे बघून हसली, आणि तिच्यासाठी मी जेवणाच्या पंगतीतही गप्प बसले.

पाठवणीच्या वेळी व्हायचं तेच झालं. मोटारी उभ्या होत्या तोवर खपलीने त्यांना पेललं. चाकं फिरायला लागली, माती हादरली, खपली फुटली आणि खालच्या पिठाने पाणी सोडलं. तळहातावरचा गोळा चकाकतो ना, तसं सगळं शेत चकाकलं. जेवढा ॲक्सिलरेटर दाबतील तेवढी चाकं खाली. सुटाबुटातले व्याही ढकलायला गेले आणि घोट्यापर्यंत गेले. सगळ्यात खोल रुतली ती फुलांनी सजवलेली नवरा-नवरीची गाडी.

भाऊ धावत माझ्याकडे आला. "ताई, काय करू? तुला म्हायती हाय ही जमीन."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. भाची गाडीत बसून रडत होती आणि तिचं काजळ गालावर उतरलं होतं. मी म्हटलं, "चाकं फिरवणं थांबवा. लॉन्सवरची ती हिरवी मॅट फाडून आणा. चाकांखाली घाला आणि ट्रॅक्टरने सावकाश ओढा, झटका देऊ नका." त्याच्या नव्याकोऱ्या मॅटचे तुकडे झाले, आणि दिवस मावळेपर्यंत एकेक गाडी निघाली.

शेवटची गाडी गेल्यावर भाऊ चिखलाच्या बुटांनी माझ्यासमोर आला आणि काय म्हणाला असेल? "तुझ्या जमिनीनं माझी अब्रू घालवली."

चोराच्या उलट्या बोंबा! मग मात्र मी मांडव बघितला नाही, पाहुणे बघितले नाहीत. पैठणीचा ओचा खोचला आणि जे वर्षानुवर्षं आत साठलं होतं ते सगळं बाहेर काढलं. वाटणी, चर, पाईप, भाऊबीज, सगळं. आई खुर्चीवर बसून पदराने डोळे पुसत होती. कोणासाठी रडत होती ते मी विचारलं नाही.

गहू गेला. चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या. त्यात दोन वर्षं तरी मूळ शिरणार नाही. चैत्रात मी भाड्याचा जेसीबी घेऊन गेले, पंचांपैकी हयात होते त्या दोघांना काठावर उभं केलं आणि चर जिथे होता तिथेच उघडला. लाल माती, राडारोडा, संडासाच्या टाइल्स, सगळं बाहेर. लॉन्सचे बरोब्बर दोन तुकडे झाले, एकीकडे स्टेज आणि एकीकडे जेवण. भाऊ घरातून बाहेर आला नाही. आईचा फोन आला. "आता हितं यिऊ नकोस," एवढंच म्हणाली.

मी बाल्कनीत बसून रडले, आणि रडण्याचाही मला राग आला.

यंदाच्या पावसात चर वाहिला. पाणी दसऱ्याच्या आधीच उतरलं. दिवाळी आली, पण भाऊबीजेला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला तो भाचीचा.

"आत्या, पप्पा मला म्हणतायत, साडी न्यायला ये. आणि एक सही आहे. हक्कसोडची. तू केली नव्हतीस ना?"

पोटच्या पोरीलाही! मला ओरडावंसं वाटत होतं, पण तिच्यावर कशाला ओरडू? मी खरं तेच सांगितलं. माहेर तुटतं, म्हटलं. दर दिवाळीला फोनकडे बघत बसावं लागतं, आणि त्याची सवय होत नाही.

"मग करू का सही?"

"नको करू."

मागे तिच्या सासरच्या कुकरची शिट्टी झाली. "मला पण तसलाच तुकडा देतील, आत्या. पाणी साचणारा."

"देऊ देत," मी म्हटलं. "रविवारी ये. वाफसा कसा बघायचा ते शिकवते."