गोलपोस्टवरचा सदरा

नातीला शाळेत ट्रॉफी मिळाली आणि तिला त्या शब्दाचा अर्थ हवा झाला. जन्मभर इंग्रजी शिकवून आता शब्दांचाही कंटाळा आलाय. तरी डोळे ताणत जाडा शब्दकोश उघडला. शत्रूनं जिथं पाठ फिरवली, तिथंच ग्रीक लोक खांब रोवून त्यावर त्याची ढाल आणि शिरस्त्राण टांगायचे. ट्रॉफी म्हणजे मुळात ते. वाचलं, आणि शब्दकोश मांडीवर तसाच राहिला.

तरुणपणी कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या टीमनं फुटबॉलची फायनल जिंकली, त्या संध्याकाळी हलगी थांबत नव्हती. गुलालानं घसा धरला होता. हरलेला गोलकीपर अंगातल्या जर्सीवरच निघून गेला, त्याचा सदरा गोलपोस्टमागं राहिला. मीच तो बांबूला अडकवून त्यांच्या गोलपोस्टला उभा बांधला. त्याखाली आम्ही मनसोक्त नाचलो.

सकाळी तिथंच कप मधे ठेवून आमचा फोटो चालला होता. तेवढ्यात त्या गोलकीपरची आई आली.

"पोरानू, तेवढा सदरा काढून द्या की. कामावर जायचं हाय त्याला. दुसरा न्हाय."

मी बांबू उतरवला. तिनं गुलाल झटकला, बांबूनं उसवलेली काख बोटानं चाचपली आणि सदरा घडी करून पदराखाली घेतला.

"चांगलं खेळलासा," म्हणाली आणि गेली.

त्या फोटोत आमच्यातला एकही जण हसत नाही.

"सांगा की आजोबा, ट्रॉफी म्हणजे काय?"

"बक्षीस गं," म्हणालो आणि शब्दकोश मिटला.