भाऊजींची जीप आणि भरतीची वेळ

मुलांनो, नाताळच्या सुट्टीत तुम्ही आलात की तुमचे वरकुट्याचे चुलत आजोबा तुम्हाला समुद्रावर नेणार आणि बनाना बोटीत बसवणार, असं त्यांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं आहे. मला कुणी विचारलं नाही. मागच्या वेळी त्यांची जीप पाण्यात कशी गेली, तेही त्यांनी तुम्हाला हसत हसत सांगितलं म्हणे. "समुद्र एकदम अंगावर आला." समुद्र एकदम येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझं आणि माझ्या या दिरांचं कधीच जमलं नाही. मी बारामतीला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासून ते मला मास्तरीणबाई म्हणतात, तेही चार लोकांत, मोठ्यानं. न सांगता जेवणाच्या वेळेला यायचं, मक्याच्या कणसांचं पोतं ओट्याखाली लोटायचं आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचं, ही त्यांची पद्धत. तुमच्या आजोबांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली, तेव्हा मी औषधं, व्यायाम, जेवण, सगळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्या. भाऊजींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "वहिनी, हे घर हाय का एसटी स्टँड?" आजोबा हसले. आजारानंतर प्रथमच हसले, आणि ते या वाक्याला. मी ते विसरले नाही.

मग एके दिवशी आजोबांनी आपली इच्छा सांगितली. मला नव्हे, भावाला. बोलणं अडखळतच यायचं. "पाण्याजवळ... बसायचंय. समुद्राच्या."

"एवढंच व्हय आबा? शनवारी निघू."

खर्च नको म्हणून भाऊजींनी सगळा संसार जीपमध्ये भरला. गॅसची शेगडी, भाकरीचं पीठ, पाण्याचे जार, ताडपत्री, गाद्या. "हाटेल कशाला? आपलं सगळं हाय." कुंभार्ली घाट उतरेपर्यंत माझ्या पायाखाली कांद्याची पिशवी होती. मुक्काम एका कोकणातल्या घराच्या पडवीत, भाड्यानं. रात्रभर डास आणि भाऊजींचं घोरणं. त्या घरमालकीणबाईंना मी सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा विचारल्या आणि वहीत लिहून घेतल्या. गोळ्यांच्या वेळांखाली. साडेअकराला ओहोटी पुरी, तिथून पाणी परत फिरणार. आजोबांना मी ते वाचून दाखवलं. मग गाडीत सगळ्यांना वाचून दाखवायला लागले.

"आता समुद्राला बी टाइमटेबल?" भाऊजी म्हणाले. "अगं ऐकलंस का, लाटांनी हजेरीला हात वर करायचा हाय."

जाऊबाई पदरात तोंड घालून हसल्या. मी वही मिटली आणि पर्समध्ये ठेवली.

किनाऱ्याबद्दल मला फार चांगलं लिहिता येणार नाही. वाळूत कुरकुऱ्यांची पाकिटं, उंटाची लीद, तीन टपऱ्यांवर तीन वेगळी गाणी. लोक शनिवार-रविवार हे बघायला इतक्या लांबून येतात. मी म्हटलं, आजोबांना वर, सिमेंटच्या कट्ट्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवू. भाऊजींनी ऐकलंच नाही. "तिथनं काय दिसतंय? आबाला पाण्याजवळ बसायचंय, कट्ट्याजवळ न्हाय." त्यांनी जीप सरळ ओल्या वाळूवरून खाली नेली आणि लाटांपासून वीसेक पावलांवर समुद्राकडे तोंड करून उभी केली.

तुम्हाला वाटेल, कुणी शहाणा माणूस असं करतो का? इंदापूरकडचा करतो. भाऊजींचा सगळा जन्म उजनी धरणाच्या पाण्याकाठी गेला. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, तसतसं हे लोक उघड्या पडलेल्या गाळात पेरत पुढं जातात. सकाळी ट्रॅक्टर पाण्याला लावून उभा करायचा आणि संध्याकाळी यायचं. पाणी जिथं होतं तिथंच असतं. वाढायचं असेल तर पावसाळ्यात वाढतं.

आजोबांच्या बाजूची काच खाली केली. वारा आत आला. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मला लिहायला आवडत नाही, कारण ते मी केलेल्या कुठल्याही गोष्टीनं दिसलं नव्हतं. मी वर येऊन टपरीच्या छत्रीखाली बसले.

भाऊजी बोटवाल्याशी घासाघीस करायला गेले. लाइफ जॅकेट घालायला नको म्हणाले. "आमी विहिरीत पोहून मोठी झालेली माणसं." बोटवाला म्हणाला, "मग विहिरीतच जा, काका." शेवटी जॅकेट पोटावर कसंबसं बसलं. दोघं नवराबायको त्या पिवळ्या फुग्यावर स्वार झाले आणि स्पीडबोट त्यांना ओढत घेऊन गेली.

घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. मला वेळ माहीत होती. पाणी फिरून तास झाला होता, हेही माहीत होतं. पर्स मांडीवर होती. मी उठले नाही. मनात एवढंच होतं, की आता याच्या गाडीचे टायर भिजतील, चार माणसांत फजिती होईल, आणि मग मी वही उघडून दाखवीन. टायरच भिजतील असं मला का वाटलं? कारण मीही याच बाजूची. वेळ कोकणातली लिहून घेतली होती, पण डोळ्यांसमोर पाणी उजनीचंच होतं, दिवसाला बोटभर चढणारं.

पहिला हॉर्न वाजला तेव्हा पाणी पुढच्या चाकांना लागलं होतं. आजोबा चांगला हात लांब करून हॉर्न दाबत होते. तिकडं खोल पाण्यात बोटवाल्यानं, या खेळात पाडतात तसं, सगळ्यांना उलटं पाडलं होतं. भाऊजी जॅकेटवर तरंगत होते. त्यांनी हॉर्न ऐकला आणि आनंदानं दोन्ही हात हलवले.

"गाडी कोणाची ती?" टपरीवाला ओरडला. "अहो घाटावरचे! माणूस आहे आत!"

मी धावले. गाडीशी पोचले तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि चाकं वाळूत रुतत चालली होती. दार उघडलं तशी एक लाट माझ्याबरोबर आत शिरली. आजोबांची पावलं बुडाली. एक चप्पल तरंगत बाहेर गेली. मला त्यांना उचलता येईना. काखेत हात घातला, तर दोघंही पडणार होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घाबरलेले नव्हते.

"वही... कुठंय?" त्यांनी विचारलं.

पर्स माझ्या खांद्यालाच होती.

भाऊजी तोपर्यंत पोहत, धडपडत आले. त्यांनी मला बाजूला ढकललं, अक्षरशः ढकललं, भावाला पाठुंगळी घेतलं आणि कंबरभर लाटांतून वर कट्ट्यापर्यंत नेलं. तिथंच वाळूवर बसून ते लहान मुलासारखे रडले. "माजंच चुकलं आबा. माजंच चुकलं." जाऊबाई त्यांची पाठ चोळत होत्या. मी आजोबांचे पाय पुसत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाय पुसत राहिले.

जीप ट्रॅक्टरनं ओढून काढली, पण पुन्हा कधी धड चालली नाही. भाऊजींनी ती लोखंडाच्या भावानं विकली. ही गोष्ट ते आता विनोद म्हणून सांगतात, दोष स्वतःवर घेऊन. आजोबांनी त्यानंतर एकदाही विषय काढला नाही. वेळ माहीत असून मी बसून राहिले, हे भाऊजींना माहीत नाही. ते मला अजूनही आवडत नाहीत. त्यांच्यासमोर मला कबुली देता येणार नाही, म्हणून ती तुम्हाला देते आहे. हवं तर त्यांना वाचून दाखवा.

तुमच्याबरोबर यायचं आजोबांनी ठरवलं आहे, पुन्हा पाण्याजवळ. भाऊजींनी गाडी भाड्यानं ठरवली आहे आणि शेगडी घासून ठेवली आहे. मीही येणार आहे. मला बोटीत बसायचं नाही, भाऊजींच्या शेजारी तर मुळीच नाही. निघताना मी वेळा मोठ्यानं वाचीन. ते हसतील. गाडी वाळूवर उतरली, तर परत वाचीन.