भूमितीमध्य आणि तस्नीम

तस्नीम गेली. शेवटच्या आठवड्यातही ती गणित सोडवत होती.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: उरणची. शाळेत माझ्या बाकावर बसायची. नंतर खारघरच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. मी कॉमर्सवाली, पण मैत्री टिकली.

तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगते.

माझा मोठा भाऊ जासईला राहतो. आमची शेवटची जमीन विकली गेली आणि दादाच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एवढा पैसा आला. त्याच काळात गावातल्या कुणीतरी त्याला एका क्रिप्टोच्या ग्रुपमध्ये घातलं.

स्कीम अशी. अर्ध्या पैशांचं एक चढ-उतार होणारं कॉइन घ्यायचं, अर्ध्याचं डॉलरच्या भावाने चालणारं. दोन्ही एका पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साठ्यात, ठेवायची. लोक तिथे अदलाबदल करणार, त्याची फी आपल्याला रोज मिळणार.

दादा सगळे पैसे टाकायला निघाला होता.
वहिनी घाबरली. मीही. पण नक्की कशाला घाबरायचं, तेच कळत नव्हतं.

तस्नीमची तेव्हा केमो सुरू होती. दोन केमोंच्या मध्ये चार दिवस तोंडाला चव यायची. ते चार दिवस ती वहिनीच्या हातचं जेवायला जासईला यायची.

त्या रविवारी वहिनी कोलंबी सोलत होती. मी तस्नीमला सगळं सांगितलं. ती दादाला म्हणाली, ग्रुपवर इम्पर्मनंट लॉसबद्दल काही बोलतात का?

दादा म्हणाला, "नाव बघ ना. इम्पर्मनंट. म्हंजे टेंपररी हाय. परत येतंय."

"परत येतं, दादा. पण भाव जिथून निघाला तिथेच परत आला तर."

मग तिने कोलंबीखालचा पेपर ओढला आणि कोऱ्या कडेवर लिहायला लागली.

समजा शंभर रुपये. पन्नासचं कॉइन, पन्नासचे डॉलर. कॉइन चौपट झालं. दोन्ही नुसतं घरी ठेवलं असतं तर दोनशे अधिक पन्नास, अडीचशे. पण पूलमध्ये काय होतं? कॉइन महाग होत जातं तसे लोक पूलमधलं आपलं कॉइन काढून नेतात आणि डॉलर ठेवून जातात. जे वाढतंय तेच आपल्याकडे कमी उरतं. हिशोब केला की येतात दोनशे. म्हणजे घरी ठेवण्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी.

दादा म्हणाला, दोनशे पण चालतील.

चालतील ना, ती म्हणाली. आता कॉइन पडून पाव भावावर आलं असं धरू. घरी ठेवलं असतं तर साडेबासष्ट. पूलमध्ये पन्नास.

मी फोनवर भागाकार केला.
पुन्हा पाचवा हिस्सा कमी. तंतोतंत तेवढाच.

वर चौपट जा नाहीतर खाली पाव भावावर या, घट तीच. आयुष्यभर बॅलन्सशीट बघितल्या, पण असं काही बघितलं नव्हतं. तस्नीम माझ्याकडे बघून हसत होती.

तिने दादाला टाकू नको असं एकदाही म्हटलं नाही. फी या घटीपेक्षा जास्त मिळाली तर फायदा, नाहीतर नाही, एवढंच सांगितलं. आणि म्हणाली, "जेवढ्याचे निम्मे झालेले बघवतील, तेवढेच टाक."

दादाने थोडेच टाकले. बाकीच्या पैशांत घरावर दोन खोल्या चढवल्या.

काही महिन्यांनी ते कॉइन पडलं. पडत पडत पाव भावावर आलं. ग्रुपवर लोक एकमेकांना धीर देत होते, मग ग्रुपच गप्प झाला.

दादाने फोन उघडला. मिळालेली फी सोडली तर शंभराचे पन्नास.

मला वाटलं तो चिडेल. त्याने आकडा पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाला, "तिनी पेपरावर लिवला होता, तसाच झाला."

पैसे गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर नव्हतंच. देवळातून बाहेर आल्यावर माणूस दिसतो, तसा तो दिसत होता.

त्याने तस्नीमला फोन केला. ती तेव्हा हॉस्पिटलात भरती होती. आधी तिने वहिनी कशी आहे ते विचारलं. मग म्हणाली, आता तीन कॉइनच्या पूलचं काय होतं ते बघतेय.

मागच्या आठवड्यात मी भेटायला गेले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण डोळे तेच.

"अगं, दहावीतला भूमितीमध्य आठवतो?"

आठवत नव्हता. तिने सांगितला. दोन संख्यांची बेरीज करून अर्धी केली की सरासरी. गुणाकार करून वर्गमूळ काढलं की भूमितीमध्य. भूमितीमध्य सरासरीपेक्षा मोठा कधीच होत नाही. दोन्ही कॉइन किती पट झाली ते दोन आकडे घे: घरी ठेवलं तर त्यांची सरासरी मिळते, पूलमध्ये ठेवलं तर भूमितीमध्य. म्हणून पूल नेहमी मागे. तीन कॉइन घेतली तर वर्गमुळाच्या जागी घनमूळ, बाकी सगळं तेच.

"हे कुणी बनवलेलं नाही गं. हे होतंच. लोकांनी त्यात पैसे आत्ता आणून ठेवले."

मी तिचा हात धरून बसले.

आज उरणला तिच्या घरी होतो. दादा कब्रस्तानात जाऊन माती देऊन आला. तिचे विद्यार्थी जिन्यापर्यंत उभे होते.

तिच्या अम्मीने मला जवळ बसवलं. विचारलं, "इस्पितळात ती काय लिवत होती गो?"

मला जमेल तसं सांगितलं. दोन कॉइन, तीन कॉइन, सरासरी. अम्मी शांतपणे ऐकत होत्या. किती समजलं माहीत नाही.

मग त्यांनी एवढंच विचारलं, "तिला जबाब मिळाला?"

म्हटलं, मिळाला.

त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

तस्नीम, नीट जा.
आम्हा सगळ्यांचा तुला शेवटचा सलाम.