आधी भाकरी, मग केमिस्ट्री

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. कौलांवर शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरतात. आम्ही तिघं एकत्र बसलो की एकानं एक सांगायचा, दुसऱ्यानं "असं नव्हतं रे!" म्हणायचं, आणि तेवढ्यात तिसऱ्याला नवा आठवायचा. यातले बरेचसे आमच्या इंटर सायन्सच्या वर्षाचे. भोर तेव्हा संस्थान होतं, पुण्याला जायला सर्व्हिस मोटर होती, आणि आमच्या भागातून कॉलेजात जाणारी पोरं मोजकीच. मी किकवीचा. यशवंता वेल्ह्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. यूसुफ भोरचा, त्याच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. पुण्यात तिघांची मिळून एक खोली.

अभ्यास काय, सगळेच करतात. आम्ही अभ्यास करता करता जीव कसा सांभाळला, त्याचे हे किस्से.

*

सुरुवात यशवंताच्या आईपासून.

पहिल्या टर्मला यशवंता सकाळी दोन ठिकाणी शिकवण्या करायचा, मग कॉलेज, मग प्रॅक्टिकल, मग लायब्ररी. जेवणाची आठवण झालीच तर चहा प्यायचा. आम्हीही त्याच वाटेनं चाललो होतो, पण तो आमच्या पुढं होता.

दिवाळीला तो नसरापूरला मोटरमधून उतरला आणि पायी वेल्ह्याला पोचला. दिवेलागणीची वेळ. आई चुलीपाशी. दारात कुणीतरी उभं राहिलेलं बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

"या पाव्हणं, बसा. मालक रानातनं येतीलच. आमचा यशवंता पुण्याला आसतो."

यशवंतानं "आये" म्हटलं तेव्हा तिच्या हातातलं पीठ खाली पडलं!

सकाळी त्याचे वडील एवढंच म्हणाले, "शिमग्याला बघीन. आसाच दिसलास तर कॉलेज बास."

यशवंता खोलीवर आला तो निश्चय करूनच. ट्रंक ठेवायच्या आधी म्हणाला, "म्या कॉलेज सोडणार न्हाई. आन् आसा वाळणार बी न्हाई. आजपास्नं आधी भाकरी, मग केमिस्ट्री. तुमी बी!"

"आम्ही कशाला?" यूसुफ म्हणाला.

"आरशात बघ."

यूसुफनं बघितलं. मग यशवंताच्या हातातली ट्रंक उतरवून घेतली.

*

पहिला बळी चहाचा. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आमचा दिवस उगवायचा आणि तिथंच मावळायचा. तो एकदम बंद. त्याऐवजी दूध, आणि खोलीवर आळीपाळीनं केलेली भाकरी-भाजी. माझ्या भाकरीत तिघांनी तीन देशांचे नकाशे ओळखले, पण खाल्ली.

चहावाचून डोकं असं दुखायचं की पुस्तकातली अक्षरं दोन-दोन दिसायची. यूसुफ म्हणायचा, "चला, रिव्हिजन आपोआप होतेय!" पण कुणी हटलं नाही.

आठवडाभरानं हॉटेलवाले अण्णा स्वतः जिना चढून वर आले. चेहरा पडलेला. दारातच थांबले, टोपी काढली, आणि हळूच विचारलं,

"कोण गेलं?"

*

फेब्रुवारीत रीडिंग लीव्ह लागली. पुण्यात उकाडा आणि खोलीत ढेकूण, म्हणून आम्ही यूसुफच्या घरी भोरला गेलो. खाली दुकान, वर माळा. माळा आमचा. पहाटे उठायचं, नीरा नदीवर आंघोळ, मग अभ्यास, आणि अकराच्या सुमारास पाठ आखडली की जोर-बैठका. हा यशवंताचा नियम, आणि नियमाला सुट्टी नाही.

त्या माळ्याच्या फळ्या जुन्या होत्या. ते आमच्या ध्यानात आलं नाही. खाली दुकानात यूसुफच्या वडिलांच्या, आमच्या चाचांच्या, ध्यानात आलं.

एकदा एक बाई लेकीच्या लग्नाचा चुडा भरायला बसल्या होत्या. चाचा त्यांच्या हातात हिरवी बांगडी चढवताहेत, आणि नेमक्या त्याच वेळी वर तिघांच्या बैठका सुरू झाल्या. भिंतीवरच्या सगळ्या बांगड्या किणकिणायला लागल्या. बाई हातात अर्धी चढलेली बांगडी घेऊन रस्त्यावर पळाल्या! "भुई हालतीया, भुई हालतीया!"

चाचा जिन्याखाली येऊन ओरडले,

"आरं, तब्येत तुमी कमवताय आन् गिऱ्हाईक मी गमवतोय!"

दुसऱ्या दिवसापासून जोर-बैठका नदीच्या वाळवंटात. पण बंद नाही.

*

रविवारी पुस्तकाला हात लावायचा नाही, हाही नियमच. नदीवर जायचं, कपडे धुवायचे, ते वाळेपर्यंत पोहायचं, नाहीतर झाडाखाली पडायचं. यूसुफला हे जमेना. त्याला वाटायचं, आपण पडलोय तेवढ्यात पुण्याची सगळी पोरं पुढं निघून गेली.

एका रविवारी त्यानं धुण्याच्या बोचक्यात ट्रिग्नॉमेट्री लपवून आणली. बोचकं सोडताना ती घरंगळली ती थेट पाण्यात! यूसुफ अंगातल्या कपड्यांसकट मागून. आम्ही काठावर.

यशवंता शांतपणे म्हणाला, "र्‍हाऊ दे रं. वर्सभर तिनं आपल्याला बुडवलं."

पुस्तक निघालं. ते वाळेपर्यंत तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत यूसुफ प्रथमच दुपारी झोपला.

*

हे सगळं शरीराचं झालं. माझं दुखणं निराळं होतं. परीक्षा जवळ आली तशी माझी छाती धडधडायला लागली. पुस्तक उघडलं की धडधड, मिटलं की जास्त. दोघांना सांगायची लाज वाटायची. जेवताना घास फिरायचा.

यूसुफची आई, आमची चाची, वाढताना सगळं बघायची. एकदा दुपारी तिनं मला खाली हाक मारली. पुढ्यात तांदळाचं भलंमोठं सूप ठेवलं.

"हितं बस. एवढे तांदूळ निवडून दे."

"चाची, अभ्यास आहे."

"आसू दे. आदी हे."

बसलो. एकेक दाणा बोटानं सरकवत राहिलो. ती शेजारी बसून कांदा चिरत होती. किकवीला घरी कोण-कोण असतं, म्हैस व्यायली का, बहिणीचं काय, असं काहीबाही विचारत होती. मी सांगत होतो. सांगता सांगता एकदम म्हणालो, "चाची, मी नापास झालो तर?"

तिनं कांदा चिरायचं थांबवलं नाही. म्हणाली, "तर हितं येऊन जेवशील. आज जेवतोस तसा."

सूप संपत आलं तेव्हा छाती केव्हा शांत झाली ते मला कळलंही नव्हतं. मी म्हटलं, "चाची, यात एकही खडा नाही!"

"ठावं हाय," चाची म्हणाली. "सकाळीच निवडलेत."

*

शिमगा झाला आणि भोरच्या बाजाराच्या दिवशी यशवंताचे वडील आले. भाताचं पोतं विकायला आणलं होतं. वर माळ्यावर आले नाहीत. खाली उभं राहून हाक मारली. यशवंता उतरला. आम्ही दोघं जिन्यात दबा धरून.

वडिलांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. दंड दाबून बघितला. मग पोत्याकडं बोट केलं.

"उचल."

यशवंतानं पोतं पाठीवर घेतलं. वडील पुढं, तो मागं, त्याच्या मागं आम्ही. बाजाराच्या गर्दीतून, चढावरून, व्यापाऱ्याच्या दारापर्यंत. मधे एकदा त्याचा पाय लटपटला. यूसुफ पुढं धावला, तर यशवंता दातओठ खात म्हणाला, "हात लावू नगंस!"

दारात पोतं उतरलं. यशवंता घामानं निथळत होता. वडिलांनी आपलं मुंडासं सोडून त्याच्या हातात दिलं, घाम पुसायला. आम्हाला वाटलं, आता शाबासकी येणार!

"पुस्तकं उचलाया एवढं बळ बास हाय," ते म्हणाले, आणि भाव करायला आत गेले.

*

आता सगळ्यात भारी. पुण्याला कॉलेजात केमिस्ट्रीची तोंडी परीक्षा.

एक्झॅमिनर बाहेरगावचे. काळा कोट, कडक चेहरा. सकाळपासून एकामागून एक पोरगा आत जात होता आणि पडलेलं तोंड घेऊन बाहेर येत होता. दुपार टळली तरी साहेब खुर्चीवरून उठले नव्हते. यशवंताचा नंबर लागला, त्यामागं माझा. मी अर्ध्या उघड्या दाराशी उभा.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि कपाळ धरलं.

यशवंता म्हणाला, "सर, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"प्रश्न मी विचारायचे!"

"विचारा सर. मी कुठं जात नाही. पण आधी खा."

आणि त्यानं खिशातून फडकं काढून टेबलावर सोडलं! ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. त्या काळात कुणाच्याही हातचं कुणी सहज खात नसे, त्यात हे एक्झॅमिनर, आणि तो परीक्षेला बसलेला पोरगा.

साहेबांनी भाकरीकडं बघितलं. यशवंताकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "दार ओढून घे."

मी ओढलं. पूर्ण नाही.

आतून बराच वेळ फक्त भाकरी मोडल्याचा आवाज. मग ठसका. मग पाण्याचा पेला. मी फटीतून बघितलं, तर साहेबांच्या तोंडावर रंग आला होता. त्यांनी फडक्याची घडी घातली, कोट सारखा केला, पेन उचललं आणि यशवंताकडं रोखून बघत पहिला प्रश्न विचारला,

"या ठेच्यात काय काय घातलंय?"

यशवंता ताठ उभा राहिला.

"सर, ते पोर्शनमध्ये नाही!"