जाऊबाईंच्या कपाशीसाठी आमेन

आज सकाळच्या प्रार्थनेत माझ्या तोंडून आमेन निघालंच नाही.

यंदा कपाशीचं काय होणार कोणालाच माहीत नाही, म्हणून सासूबाईंनी दोन्ही सुनांची प्रार्थना रोज पहाटे एकत्र ठेवली आहे. आमच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली. बांधापलीकडे जाऊबाईंचं शेत, बियाणं तेच, फवारणी तीच, तरी हिरवंगार. त्या डोळे मिटून म्हणतात, "प्रभू, आमची पराटी तूच राखली, तुझे उपकार." म्हणजे आमची नाही राखली, असंच ना?

जळफळतच शेतात गेले. बांध ओलांडून त्यांचं एक हिरवं बोंड फोडलं. आत स्वच्छ. दुसरंही तसंच. तिसऱ्यात मात्र अळी वळवळत होती. खरं सांगते, इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

परतताना त्याच समोरून आल्या. "काऊन वं, आज लय खुश दिसून राह्यली?"

"काई नाई, जाऊबाई."

आज सांगितलं तर त्यांची बरीच कपाशी वाचेल. नाही सांगितलं, तर उद्या पहाटे त्या पुन्हा उपकार मानतील आणि मी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणेन.

असलं आमेन वर पोचतं का हो?